नांगरटीतला इतिहास : प्रस्तावना

२०१५ साली इंग्लंडच्या शेतजमिनीतून दोन ठेवी वर आल्या. एक जून महिन्यात, हेरफर्डशायर परगण्यातल्या लेमस्टर गावाजवळ. दुसरी ऑक्टोबरमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळ. दोन्ही नवव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, वायकिंगांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पुरलेल्या. दोन्हींत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांची चांदीची नाणी होती. दोन्ही सापडल्या त्या धातुशोधक यंत्र घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या हौशी माणसांना. त्यानंतर मात्र दोन्हींच्या वाटा फुटल्या.

वॉटलिंग्टनची ठेव सापडली जेम्स मॅथर यांना. चांदीची लगड आणि काही नाणी दिसताच त्यांनी खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि शोधनोंदणी अधिकाऱ्याला कळवलं. त्या अधिकाऱ्याने जागेवर येऊन ठेव मातीच्या गठ्ठ्यासकट उचलली. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तो गठ्ठा दाणा दाणा करत मोकळा करण्यात आला, आणि त्यातून सुमारे २०० नाणी, चांदीची कडी आणि लगडी निघाल्या. पुढे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमने साडेतेरा लाख पौंड मोजून ती विकत घेतली.

लेमस्टरची ठेव ज्या दोघांना सापडली त्यांनी जमीनमालकाला विचारलं नव्हतं आणि सरकारलाही नाण्यांचं कळवलं नाही. नाणी गुपचूप दलालांच्या हाती गेली. २०१९ साली दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यांच्या मोबाइलमधून पुसलेली छायाचित्रं तपासात परत मिळवली, तेव्हा ठेवीत ३०० च्या आसपास नाणी असावीत असं दिसलं. त्या वेळी हाती लागली होती फक्त ३१. बाकीच्यांपैकी बहुतेक कुठल्या संग्राहकाच्या कपाटात आहेत, वितळवली गेली की पुन्हा कुठे पुरली, याचा पत्ता नाही.

या नाण्यांतल्या एका प्रकाराकडे जरा जवळून पाहायला हवं. एका बाजूला राजाचं मुख. दुसऱ्या बाजूला दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले, आणि त्यांच्या वर पंख पसरलेली विजयदेवता. जुन्या रोमन सोन्याच्या नाण्यावरून उचललेलं हे चित्र आल्फ्रेडने आपल्या नाण्यावर घेतलं आणि केओलवुल्फनेही घेतलं. केओलवुल्फ हा वायकिंगांनी गादीवर बसवलेला दुबळा माणूस, असं वेसेक्समध्ये लिहिलेल्या बखरीनं पुढच्या पिढ्यांना सांगितलं आणि हजार वर्षं ते सर्वांनी मानलं. नाणं वेगळं सांगतं. दोघांनी एकच चित्र, एकाच वजनाची चांदी आणि टांकसाळीची एकच पद्धत वापरली, म्हणजे दोघांत बरोबरीचा करार होता. पूर्वी अशी नाणी अगदी मोजकी माहीत होती, त्यामुळे एवढ्यावरून कोणी ठाम बोलायला धजत नव्हतं. २०१५ नंतर चित्र बदललं. लेमस्टरची उरलेली नाणी हातात असती तर किती कळलं असतं, या विचाराने मन विषण्ण होतं.

या पुस्तकाचा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी. जुनी वस्तू सापडणं हा एक क्षण आहे. त्या वस्तूचं इतिहासात रूपांतर होणं न होणं हे ज्याला ती सापडते तो माणूस पुढच्या तासाभरात काय करतो यावर ठरतं. आणि तो माणूस काय करील हे त्याच्या स्वभावाइतकंच त्याच्या देशाच्या कायद्यावर आणि त्या कायद्यामागे उभ्या असलेल्या माणसांवर अवलंबून असतं.

यंत्राबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे भलत्याच कल्पना आहेत. ते सोनं ‘दाखवत’ नाही. लांब दांड्याच्या टोकाला ताटलीसारखी चकती असते आणि तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र उतरतं. वाटेत धातू असला तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि चकतीतलं दुसरं वेटोळं ते पकडतं. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज येतो. लोखंडाचा आवाज वेगळा, चांदीचा वेगळा, पण ते ओळखायला कान तयार व्हावा लागतो आणि तयार कानालाही मुरलेलं लोखंड चकवतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, त्याखाली नाही.

या तत्त्वाचा पहिला गाजलेला प्रयोग एका दुर्दैवी प्रसंगी झाला. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल असं एक यंत्र घेऊन आले होते. गोळी सापडली नाही आणि गारफील्ड वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधणारं, एका माणसाला उचलता येणारं यंत्र बनवलं, आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेने ते वापरलं. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र हलकं आणि स्वस्त झालं, आणि १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या हजारो घरांत पोचलं.

हा छंद मुख्यतः पीक निघाल्यानंतरचा. ऑगस्टमध्ये गव्हाची कापणी उरकली की पुढच्या पेरणीपर्यंत जो अवधी मिळतो, तेवढ्यात धसकटांतून चकती फिरवायची. शेतकऱ्याची परवानगी आधीच, शक्यतो लेखी घ्यायची आणि काही सापडलं तर वाटणी कशी हेही त्यातच लिहायचं. दिवसभरात निघतं काय, तर बुटाचे खिळे, बैलाच्या नालाचे तुकडे, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, काडतुसांच्या टोप्या, थंड पेयाच्या डब्यांच्या कड्या, कोटाची बटणं, व्हिक्टोरिया राणीचा झिजलेला पेनी. पावसात भिजत, पाठ मोडेपर्यंत वाकत हे करणाऱ्यांत निवृत्त माळी, स्वयंपाकी, ट्रक चालवणारे, शिक्षक असे सगळे लोक असतात. श्रीमंत होण्यासाठी करायचा हा धंदा नव्हे. ज्यांना त्या शेताबद्दल मनापासून कुतूहल असतं तेच यात टिकतात.

पुरातत्त्वज्ञांना मात्र हे लोक सुरुवातीला शत्रू वाटले, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. सरे परगण्यातल्या वॉनबरो इथे रोमनकालीन मंदिराची जागा होती. १९८० च्या दशकात रात्री-अपरात्री येणाऱ्या टोळ्यांनी ती अक्षरशः उकरून काढली आणि नाणी जगभरच्या बाजारात विखुरली. १९८० साली पुरातत्त्वज्ञांनी या छंदाविरुद्ध देशभर मोहीम उघडली, आणि छंदिष्टांनीही पुढच्याच वर्षी आपली राष्ट्रीय संघटना बांधली. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आग ओकली जात होती. त्याच काळात नॉर्फक परगण्यातल्या संग्रहालयाच्या काही अभ्यासकांनी वेगळा रस्ता धरला. ते धातुशोधकांच्या मंडळांच्या बैठकांना जाऊन बसले, आणलेल्या वस्तू ओळखून दिल्या, नकाशावर खुणा करून घेतल्या. एवढ्या साध्या कृतीतून पुढचं सारं उभं राहिलं आहे.

त्यांचं म्हणणं असं होतं की नांगरटीच्या थरातली वस्तू तशीही आपल्या मूळ जागेवरून हललेलीच असते. दरवर्षी ट्रॅक्टरचा फाळ तिला ओढतो, वाकवतो, तोडतो, आणि रासायनिक खतं तिला खातात. ती उचलून, जागा नोंदवून ठेवली तर नुकसान काहीच नाही, फायदाच आहे. नांगराच्या खाली, जिथे माती कोणी हलवलेली नाही, तिथे मात्र हात लावायचा नाही. मला हा युक्तिवाद आजही पटतो. या छंदाबद्दल जे जे भलं-बुरं बोललं जातं, त्याचा निवाडा शेवटी त्या एका थराच्या सीमेवर करता येतो.

कायद्याला इथवर यायला वेळ लागला. इंग्लंडचा जुना नियम असा की सोनं किंवा चांदी, आणि तीही परत काढून घेण्याच्या हेतूने पुरलेली असेल, तरच ती राजाची. १९३९ साली सटन हू इथे अँग्लो-सॅक्सन राजाची नौकेतली कबर निघाली, तेव्हा पंचांनी ठरवलं की मृताबरोबर ठेवलेली संपत्ती परत घेण्यासाठी पुरलेली नसते, म्हणून ती राजाची नव्हे. जमिनीच्या मालकीण एडिथ प्रीटी यांनी मोठ्या मनाने सारं काही ब्रिटिश म्युझियमला दिलं म्हणून ते वाचलं. १९९६ चा नवा कायदा पुढच्याच वर्षी अमलात आला, आणि पुरणाऱ्याच्या मनातल्या हेतूचा प्रश्नच त्याने बाजूला काढला. तीनशे वर्षांहून जुनी आणि दहा टक्क्यांहून अधिक सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली अशी दोन नाणी असली, तरी चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयाला हवी असेल तर त्याने बाजारभावाने किंमत द्यायची. ती किंमत सहसा शोधणाऱ्यात आणि जमीनमालकात निम्मी निम्मी वाटली जाते.

‘बाजारभावाने’ हा शब्द या साऱ्याचा कणा आहे. दलाल जेवढं देईल तेवढंच सरकारही देणार असेल, तर दलालाकडे जायला प्रामाणिक माणसाला कारण उरत नाही. त्याच्या जोडीला १९९७ पासून शोधनोंदणीची योजना आली. प्रत्येक भागात एक अधिकारी, एकूण चाळीसेक, आणि त्यांचं काम म्हणजे लोकांनी आणलेली कुठलीही वस्तू, मग ती सरकारच्या कामाची असो वा नसो, ओळखायची, मोजायची, फोटो काढायचा, जागा लिहायची आणि परत द्यायची. आज त्या नोंदवहीत १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत. त्यातल्या बहुतेक म्हणजे मोडकी बक्कलं आणि झिजलेली तांब्याची नाणी आहेत. पण त्यांच्या ठिपक्यांवरून कुठली खेडी कधी वसली, कुठल्या वाटेने बाजार चालला, हे आज मांडता येतं. सोन्याच्या बातम्यांवर ज्यांची भिस्त आहे त्यांना हे काम कधी दिसत नाही, आणि मला स्वतःला ते कुठल्याही सुवर्णनिधीपेक्षा मोठं वाटतं.

ठेवीची जागा आणि मांडणी काय सांगू शकते याचं सर्वांत चांगलं उदाहरण सॉमरसेटमधल्या फ्रूम गावाजवळ मिळालं. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प या रुग्णालयात स्वयंपाकी असलेल्या गृहस्थांना चिकणमातीत नाणी लागली, मग मडक्याची कड लागली. ते तिथेच थांबले. कुठल्याही माणसाचे हात अशा वेळी शिवशिवतील. त्यांनी खड्डा बुजवला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी तीन दिवस खपून साठ सेंटिमीटर उंचीचं ते मडकं जागेवरच उघडलं, आणि नाणी एकदम न ओतता थराथराने, प्रत्येक थराची वेगळी पिशवी करून काढली. एकूण ५२,५०३ नाणी, वजन १६० किलोच्या घरात, सारी तिसऱ्या शतकातली.

आता गंमत पाहा. सर्वांत उशिराची नाणी कॅरॉशियसची. हा ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेणारा सेनानी, सत्ताकाळ इसवी सन २८६ ते २९३. कोणी वर्षानुवर्षं पैसे साठवत गेला असता तर ही नाणी मडक्याच्या तोंडाशी असायला हवी होती. ती निघाली बहुतांशी अर्ध्याच्या खालच्या थरात. म्हणजे साठवण हळूहळू झालेली नाही, वेगवेगळ्या पिशव्या किंवा भांडी एकाच वेळी त्यात रिकामी केली गेली. शिवाय एवढं भरलेलं पातळ मडकं उचलू गेलं तर फुटणारच, म्हणजे ते आधी जमिनीत पुरलं आणि मग भरलं. परत काढायचं असतं तर कोणी असं केलं नसतं. यावरून ही पुरलेली पुंजी नसून एखाद्या समूहाने देवतेला अर्पण केलेलं धन असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. हे खरं असेल वा नसेल, पण हा प्रश्न विचारता आला तो थराथराच्या पिशव्यांमुळे. क्रिस्प यांनी मडकं स्वतः रिकामं केलं असतं तर नाणी तेवढीच उरली असती, प्रश्न मात्र कायमचा गेला असता.

सफोकमधल्या हॉक्सनची कथा १९९२ ची, नव्या कायद्याच्या आधीची. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, तो शोधायला एरिक लॉज यंत्र घेऊन गेले आणि रोमन ब्रिटनची अखेरची श्रीमंती वर आली. १४,८६५ नाणी, चमचे, दागिने, चांदीची भांडी. लॉज यांनीही वेळीच हात आवरला, म्हणून लाकडी पेटीचे अवशेष, तिच्या बिजागऱ्या, आत कोणती वस्तू कशाला लागून ठेवली होती, हे सारं टिपता आलं. त्यातली चांदीची बहुतेक नाणी कडेने कातरलेली आहेत. कातरणाऱ्याने अक्षरं छाटली, पण सम्राटाच्या चेहऱ्याला धक्का लावलेला नाही. साम्राज्याकडून नवं नाणं येणं बंद झालं होतं, जुनंच कातरून पुरवायचं होतं, आणि तरी त्या चेहऱ्याची पत कोणाला मोडायची नव्हती. याच पेटीत मिरपुडीची चार भांडी होती. एक आहे उंची पोशाखातल्या स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचं, आतून पोकळ. बुडाशी फिरती चकती, एका बाजूला वळवली की भरायला मोकळी, दुसरीकडे वळवली की बारीक भोकांतून मिरपूड पडते, तिसरीकडे बंद. ती मिरी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून तांबडा समुद्र, इजिप्त, रोम करत सफोकच्या ताटापर्यंत पोचत होती.

१९९६ चा कायदाही निर्दोष नाही. २०१० साली कंब्रियातल्या क्रॉसबी गॅरेट इथे रोमन घोडेस्वाराचं मुखवट्यासह शिरस्त्राण सापडलं. ते पितळी-काशाचं आणि एकटंच, म्हणून व्याख्येबाहेर. कार्लाइलच्या संग्रहालयाने लोकवर्गणी जमवली, पण लिलावात ते २० लाख पौंडांहून अधिक किमतीला खासगी हाती गेलं. २०२३ मध्ये व्याख्या वाढवून ही फट अंशतः बुजवली गेली. शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकाने तर १९८० साली सापडलेल्या डेरिनाफ्लान चषकाच्या वादानंतर वेगळाच मार्ग घेतला : परवानगीशिवाय प्राचीन वस्तूंसाठी यंत्र वापरायचंच नाही. दोन्ही देशांतले अभ्यासक आपापली बाजू हिरिरीने मांडतात, आणि पुस्तकात दोन्ही बाजू सविस्तर आल्या आहेत.

मराठी वाचकाच्या मनात इथे आपली शेतं येणारच. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १३,२५० च्या आसपास चांदीची नाणी सापडली, सारी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्याची आणि उज्जैनची चिन्हं ठोकली आहेत. चैत्याच्या कमानींखालून नहपानाचं नाक आणि कपाळ आजही डोकावतं. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला हे लेखात वाचणं वेगळं आणि धातूवर बोट फिरवून कळणं वेगळं. ही ठेव मोजली गेली, म्हणून ती पुरावा झाली.

प्रवरेकाठच्या दायमाबादचं तसं झालं नाही. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार भरीव वस्तू लागल्या : बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून जड. भारतीय धातुकलेतला हा अपूर्व ऐवज. पण तो नेमक्या कुठल्या थरातून आला हे त्या क्षणी टिपलं गेलं नाही. मधुकर ढवळीकरांसारख्यांनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या, तर धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून काहींनी त्या बऱ्याच नंतरच्या ठरवल्या. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी शंका पूर्ण मिटलेली नाही. यात ज्यांना त्या सापडल्या त्यांचा काही दोष नाही. थर पाहायचा असतो हे त्यांना सांगायला कोणी कधी गेलंच नव्हतं.

आपला कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, आणि सरकारने ते घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. धातूची किंमत! सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याची धातूची किंमत काय होणार? सोन्याची वस्तू असेल तर सोनारही जवळपास तेवढंच देतो आणि पंचनाम्याचा ससेमिरा लागत नाही. मग हंडा सापडल्याची कुजबुज होते आणि वस्तू मुशीत जाते. दुसरीकडे गुप्तधनाच्या नादाने मांत्रिकांचं फावतं. ते इतकं की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला.

म्हणून हे पुस्तक वाचून कोणी यंत्र मागवून पांढरीच्या टेकाडावर उतरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या टेकाडांत नांगरटीच्या थराखाली लगेच न हललेली वस्ती सुरू होते आणि वीतभर खड्डाही तिला पुरे. आपण आधी आणायला हवा तो गावोगाव जाऊन लोकांच्या वस्तू ओळखून देणारा, नोंदणारा आणि परत करणारा अधिकारी, आणि त्याच्या मागे योग्य मोल देणारा कायदा. याला आपल्याकडे पूर्वसुरी नाहीत असं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी, म्हणजे प्राचीन तगर नगरीच्या जागी, पावसाने धुपलेल्या मातीतून वर येणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जपून ठेवल्या. आज तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पुस्तकाबद्दल एक व्यावहारिक सूचना करतो. यात शोधांची ठिकाणं गावापर्यंत दिली आहेत, बांधापर्यंत नाहीत. इंग्लंडच्या शोधनोंदणीतही सर्वसामान्य वाचकाला नेमकी जागा दाखवली जात नाही, कारण रात्रीच्या टोळ्या ती यादी वाचतात. वस्तू मात्र उघड पाहता येतात. हॉक्सनची ठेव लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, फ्रूमची नाणी आणि मडकं टाँटनच्या सॉमरसेट म्युझियममध्ये, वॉटलिंग्टनची ठेव ऑक्सफर्डला. कोणी नातेवाईक तिकडे असतील तर जरूर बेत आखावा. आणि तेरला जायला जमलं तर पुस्तक उघडण्याआधी जाऊन यावं. पहिल्या प्रकरणातल्या वस्तूंच्या याद्या मग जास्त ओळखीच्या वाटतील.